सुपातली अर्धी गोष्ट

मित्रांनो, चाकणजवळच्या निघोज्यातल्या एका भाड्याच्या खोलीत, गॅसच्या शेगडीच्या वर खिळ्याला टांगलेलं एक सूप दिसतंय ना, ते मीच. माझा एक कोपरा उसवलाय आणि कडेची काठी सैल झालीय. आजकाल मला फारसं कुणी खाली काढत नाही. म्हटलं, तुमच्याशी तरी बोलावं.

माझा जन्म इथला नाही. परभणीकडे, सेलूच्या बाजारात, एका बुरडानं बांबूच्या पातळ पट्ट्या विणून मला घडवलं. सुभद्राबाईंनी मला विकत घेतलं, कागदाचा आणि मेथ्यांचा लगदा लावून माझी भोकं बुजवली आणि दोन उन्हं दाखवली. मग काय, त्यांच्या हातात मी नाचायचो. फोल पुढे उडून जायचं, दाणा माझ्या पोटाशी राहायचा. शेजारणी कौतुकानं म्हणायच्या, सूप असावं तर असं. सुभद्राबाईंचा एकच दंडक होता, रिकामं सूप कुणी पाखडायचं नाही. घर रिकामं होतं म्हणे.

त्यांच्या सुनेला, विजयश्रीला, मुलगी झाली तेव्हा पाचवीच्या दिवशी माझ्यात ज्वारी पसरली, वर धुतलेलं मऊ लुगडं अंथरलं आणि त्या एवढ्याशा जिवाला माझ्यात निजवलं. तीच आमची दिव्या. आजवर किती धान्य मी अंगावर घेतलं, पण त्या दिवसाचं ओझं मला अजून आठवतं.

सुभद्राबाईंचा मुलगा सुजित चाकणच्या एका कंपनीत लागला आणि बायको-मुलीला घेऊन इकडे आला. त्यांच्याबरोबर मीही आलो, ज्वारीच्या पोत्यावर पालथा पडून. खोलीची मालकीण चिमाबाई. तिचं शेत कंपन्यांसाठी गेलं, उरलेल्या तुकड्यावर तिनं या खोल्या बांधल्या. दारात बसून ती समोरच्या कंपनीच्या भिंतीकडे हात करायची. "त्या गेटाखाली आमची बाजरी हुती, पोरी. आता ट्रेलर पिकत्यात."

विजयश्री बी.ए. झालेली, इतिहास घेऊन. पण इथे इतिहास कोण विचारतो? गाड्यांच्या आत वायरींचे जुडगे असतात, ते बांधायच्या लाइनवर तिला काम मिळालं. लेकीपायी तिचा जीव सतत टांगणीला असायचा. दाराची कडी दोनदा बघायची. खिडकीच्या गजांतून लेकीचं डोकं जाईल का, हे स्वतःच्या मुठीनं मापायची. नवरा-बायकोच्या शिफ्ट एकत्र आल्या की दिव्या चिमाबाईकडे राहायची, आणि जाताना विजयश्री म्हातारीला इतक्या सूचना द्यायची की ती वैतागून म्हणायची, "मी बी चार वाढवल्यात, बाय."

आणि एके दिवशी, दिवेलागणीला, नको तेच झालं. चिमाबाईचा डोळा लागला आणि दिव्या मम्मीला आणायला म्हणून एकटीच कंपनीच्या रस्त्याला निघाली. विजयश्री बसमधून उतरून घरी आली तर लेक नाही. लाइट गेलेली. तिनं मोबाइलचा टॉर्च लावला, दारामागे, कॉटखाली, पोत्याआड पाहिलं आणि तशीच धावत बाहेर गेली. मी खिळ्यावरून फक्त तिची हाक ऐकत होतो. हाक लांब लांब गेली. परत आली तेव्हा दिव्या तिच्या कडेवर होती. ट्रेलर वळतात त्या गेटापाशी सिक्युरिटीवाल्यानं तिला अडवून धरलं होतं. त्या दिवशी घरात कुणी कुणाला रागावलं नाही. मला तेच जास्त वाईट वाटलं.

सुजितनं आईला फोन केला. दिव्याला गावी ठेवायचं का, यावर त्यांची आठवडाभर बोलणी झाली. एकानं नोकरी सोडली तर भाड्यापायी खोली सुटते, नाही सोडली तर पोर रस्त्यावर. विजयश्री एवढंच म्हणायची, थोडं थांबू, काहीतरी निघेल.

अशाच एका संध्याकाळी मला मांडीवर घेऊन ती तांदूळ निवडत होती. दिव्या माझ्या कडेला रेलून बसलेली. विजयश्री तिला कॉलेजात वाचलेली गोष्ट सांगत होती. ग्रीस नावाच्या देशात डिमीटर नावाची धान्याची देवी होती. एका हातात कणसांची पेंढी, दुसऱ्या हातात मशाल.

दिव्यानं विचारलं, मशाल कशाला?

"तिची मुलगी हरवली होती ना. पर्सेफोनी. फुलं वेचताना जमीन फाटली आणि पाताळाच्या राजानं तिला खाली नेलं. म्हणून आई मशाल घेऊन शोधत फिरली."

"तुझ्या टॉर्चसारखी?"

"हो. तशीच."

मग ती म्हणाली की त्या देशातही धान्य पाखडायला टोपली असायची आणि तिच्यातही तान्ही बाळं निजवायचे. मित्रांनो, माझ्या साऱ्या पट्ट्या मोहरल्या. इतक्या लांब माझं कुणी नातलग असेल, हे मला कुठे ठाऊक होतं? पुढे ती सांगू लागली की दुःखानं देवीनं पीकच बंद केलं. शेतं करपली, माणसं उपाशी मरू लागली, तेव्हा कुठे देवांना जाग आली. मुलीला परत पाठवा, असा निरोप गेला. पण तिथे नियम होता. पाताळातलं अन्न जो खाईल, त्यानं तिथेच राहायचं. आणि मुलीनं नेमके डाळिंबाचे दाणे खाल्ले होते.

इतक्यात दार वाजलं. सुजित आत आला आणि चपला न काढताच म्हणाला, सकाळच्या ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं मिळालीत, मी दिव्याला गावी सोडून येतो.

विजयश्रीनं मला खाली ठेवलं आणि दिव्याचे कपडे बांधायला उठली. गोष्ट तिथेच राहिली.

दिव्या गेली. सुजित दुसऱ्या दिवशी परतून थेट शिफ्टला गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विजयश्री कामावरून येऊन मला घेऊन बसली होती, तेवढ्यात सुभद्राबाईंचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर ठेवला. सुभद्राबाईंचा आवाज रडवेला झाला होता.

"विजू, लेकरू अन्नाला शिवेना गं. आल्यापासून नुसतं पाणी प्यायलंय. डॉक्टर म्हनला, दुखणं न्हाई, नुसती उपाशी हाय. अंगणातलं डाळिंब सोलून दिलं, तर दातखीळ बसल्यावानी तोंड मिटून बसलंय. मला लई भ्याव वाटायलंय. आता अंगात तापबी भरलाय."

विजयश्रीचे हात तांदळात तसेच थांबले. मग दिव्याचा आवाज आला. बारीक, पण मोठं काम केल्यासारखा.

"मम्मी, मी इथलं काहीच नाही खाल्लं. आता ये ना न्यायला."

तेव्हा विजयश्रीला समजलं. मलाही. मग हळूहळू उरलेली गोष्ट तिनं सांगितली. की ती मुलगी कायमची गेली नव्हती. दाणे खाल्ले म्हणून वर्षातले काही महिनेच तिला खाली राहावं लागलं. मग ती आईकडे यायची, आणि ती आली की शेतं पुन्हा हिरवी व्हायची.

"किती दाणे खाल्ले तिनं?"

"थोडेच. एका दाण्याला एक महिना."

पलीकडे दिव्या बोटांवर मोजत असावी.

"मग मी एकच खाते, मम्मी. चालेल?"

मित्रांनो, हो म्हणणं किती सोपं होतं. माझ्यात दोन थेंब पडले. ओले तांदूळ एकमेकांना चिकटले.

"नाही, सोनू," विजयश्री म्हणाली. "एक नको. पोटभर खा. आजी देईल तेवढं सगळं खा."

पलीकडे वाटी सरकल्याचा आवाज आला. मग सुभद्राबाई आनंदानं सांगू लागल्या, "खाल्लं गं बाई, खाल्लं. वाटीभर खाल्लं. पर रडत रडत खायलंय, काय झालं कुणास ठाव."

फोन बंद झाल्यावर विजयश्रीनं तांदूळ डब्यात ओतले. मग मला उचलून पाखडू लागली. माझ्यात काहीही नव्हतं. सुभद्राबाईंचा दंडक ती विसरली असेल, की आता रिकामं व्हायला घरात काही उरलंच नाही असं तिला वाटलं असेल? कितीतरी वेळ मी वाजत राहिलो. शेवटी तिनं मला खिळ्याला लावलं. हल्ली ती निवडलेले, पाकिटातले तांदूळ आणते.

त्या देवीच्या दुःखानं शेतं करपली, म्हणून देवांना हलावं लागलं. इथे करपायला शेतंच कुठे आहेत? दुसऱ्या दिवशी सकाळी बस वेळेवर आली, लाइन चालू झाली आणि गेटातून ट्रेलर बाहेर पडत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं सूप असेल तर त्याला ओल लागू देऊ नका. वर्षातून एकदा लगदा लावा, ऊन दाखवा, मूठभर धान्य त्याच्या अंगावरून जाऊ द्या. आणि एवढं कराच. गोष्ट सांगता सांगता तुमची आई मध्येच उठली, तर तिचा पदर धरा, ओढणी धरा, पण शेवट ऐकल्याशिवाय तिला जाऊ देऊ नका.

दिव्यानंही धरली होती ओढणी. विजयश्रीनं ती हळूच सोडवून घेतली, बॅग भरायची होती म्हणून.