एका बोटाचं वाद्य

"एका बोटानं वाजतं, ताई. एका!"

कल्याण अधिकाऱ्यांनी फोनला गुदगुल्या होतील इतक्या नाजूकपणे काचेवर बोट टेकवलं. फोनमधून पियानोचा एक सूर निघाला. मग दुसरा, मग तिसरा. मग पडद्यावर पिवळ्या चांदण्या उधळल्या आणि आतून कुणी बाई ओरडली, "शाब्बास!"

"बघा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी शाब्बास!"

समोरच्या खुर्चीत बसलेली बाई चांदण्या विझेपर्यंत पडद्याकडे बघत राहिली. कारखान्यात तिला सगळे बासरीबाई म्हणत, कारण जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर ती बासरी वाजवायची. आता वाजवत नव्हती. बासरीची वरची भोकं डाव्या हाताच्या बोटांनी बंद करावी लागतात, आणि तिच्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं प्रेसखाली गेली होती. वरची भोकं उघडी राहिली की खालची कितीही बंद करा, बासरी आपला एकच सूर काढत बसते. बासरी सुटली, बासरीबाई हे नाव मात्र राहिलं. त्याला हात लावायचं कुणाला सुचलं नाही.

"यात तुमची बासरीपण आहे," अधिकारी म्हणाले. पडद्यावर एक आडवी, तेल पाजल्यासारखी चकचकीत बासरी उगवली. "फुंकायचीसुद्धा गरज नाही. भोकावर बोट ठेवलं की झालं."

त्यांनी बोट ठेवलं. सूर सुरू झाला आणि सुरूच राहिला.

"ही श्वास कधी घेते?" बासरीबाईनं विचारलं.

"कोण?"

"ही."

"घेतच नाही! तीच तर गंमत आहे." अधिकाऱ्यांनी बोट उचललं. "हे बघा, वर्धापन दिनाला पाहुणे येणार आहेत. मोठं गिऱ्हाईक. आपल्या बिजागऱ्या त्यांच्या दारांना लागणार. तर तुम्ही स्टेजवर यायचं, एक सोपं गाणं वाजवायचं. आम्ही त्याची छोटीशी फिल्म करणार. कंपनीनं कामगाराला तिचं संगीत परत दिलं, अशी."

"परत दिलं," बासरीबाई म्हणाली. "म्हणजे नेलं कुणी होतं, ते पण सांगणार का फिल्ममध्ये?"

अधिकारी हसले. हसणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता, आणि कामात त्यांनी कधी कसूर केली नव्हती.

"साहेब, पट्टी काढली का?"

"कुठली पट्टी?"

कुठली पट्टी हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा ठोकळा खाली येऊन पत्र्याची बिजागरी करतो. म्हणजे ठोकळा खाली येताना दोन्ही हात बटणांवर असणार आणि बोटं शाबूत राहणार. ज्यानं हे योजलं तो शहाणा माणूस होता. सुपरवायझर त्याहून शहाणा. त्यानं डावं बटण दाबून त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. आता उजव्या हातानं बटण दाबायचं आणि मोकळ्या डाव्या हातानं पत्रा सारायचा. काम झटपट व्हायचं. टार्गेट लवकर गाठणारीला सुट्टीला लवकर जाता यायचं. बासरीबाईलाही पट्टी सोयीचीच वाटली होती, कारण त्या वाचलेल्या वेळात कट्ट्यावर एक धून जास्त वाजायची.

अपघातानंतर तपासनीस आले, तेव्हा पट्टी नव्हती. बटणावरचा डिंकसुद्धा रॉकेलनं पुसून काढलेला होता. "दोन्ही हात बटणांवर असताना हात सापडेलच कसा?" असं सुपरवायझरनं त्यांना विचारलं. प्रश्न बिनतोड होता. उत्तर निघालं, निष्काळजीपणा. बासरीबाईची बदली भिंतीपलीकडे खोक्यांवर लेबलं चिकटवायच्या खात्यात झाली, आणि प्रेसवर तिच्या जागी तिची नणंद लागली. घरातली जागा घरातच राहिली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

"पट्टीबिट्टी काही नाही आता," अधिकारी म्हणाले. "तुम्ही गाण्याकडे लक्ष द्या."

*

सरावासाठी दिलेला फोन घरी आल्यापासून नवऱ्याच्या हातून सुटेना. दिवसभर बुटांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसणारा माणूस, घरी आल्यावर पलंगावर आडवा होऊन गिटार, व्हायोलिन आणि तुतारी आळीपाळीनं वाजवत होता. सगळ्यांचा आवाज डबा घरंगळल्यासारखा येत होता.

"चाळीस वाद्यं आहेत, चाळीस! आणि फुकट."

"फुकट कसली?" चुलीपुढून सासू म्हणाली. "बायकोची बोटं गेली आणि लेकराला खेळणं मिळालं. आणखी दोन जाऊ देत, मग टीव्ही येईल."

"आई, तू गप गं."

"मी गप्पच आहे. तुझी तुतारी बोलतेय."

तेवढ्यात नणंद कामावरून आली. चपला काढता काढता खुशीत म्हणाली, "वहिनी, आज टार्गेट सगळ्यांच्या आधी माझं झालं!"

बासरीबाईच्या हातातलं ताट हातातच राहिलं. ते मशीन तिला पायांच्या दुखण्यासारखं माहीत होतं. रांगेतलं सगळ्यात जुनं, खिडकीजवळचं. खाली येण्याआधी ते म्हाताऱ्या माणसासारखं कण्हायचं. दोन्ही हातांनी चालवून त्याच्यावर कुणाचंच टार्गेट सगळ्यांच्या आधी झालं नसतं.

"पट्टी लावलीस?"

"मी नाही लावली. सुपरवायझरनी लावून दिली सकाळी. सगळ्यांच्याच मशीनला."

"आणि तू काढली नाहीस."

"काढून काय करू? रात्रीपर्यंत तिथंच बसू?"

"बसायचं!" बासरीबाई एवढ्या जोरात ओरडली, की पलंगावरची तुतारी थांबली. "बसायचं तिथंच! हा हात बघ. बघ म्हणते ना! रोज वेणी घालून देतेस माझी. का घालतेस? मला का येत नाही घालता? मशीनपुढं बसलीस की कुठं जाते तुझी अक्कल?"

नणंदेचे डोळे भरले. "मी लक्ष ठेवते, वहिनी."

"मी काय झोपले होते?"

"अगं, तिची नोकरी घालवशील तू," नवरा उठून बसला. "तू आरडाओरडा करणार, उद्या तिला काढतील. अधिकाऱ्यांनी एवढा फोन दिलाय. दोन मिनिटं गाणं वाजव आणि मोकळी हो. एवढा राग बरा नव्हे."

"केवढा बरा?" बासरीबाईनं विचारलं. "सांग ना. केवढा राग केला तर चालेल?"

नवऱ्यानं याचा कधी विचार केला नव्हता. त्यानं फोन उचलला आणि घाबरून पुन्हा खाली ठेवला. सासूनं फडताळात उभी असलेली बासरी काढली, पदरानं पुसली आणि होती तिथं ठेवली. ती रोज पुसायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही.

*

तालमीला कल्याण अधिकारी स्वतः हजर होते. सभागृहात खुर्च्या मांडायचं काम चालू होतं. फोन एका तारेनं मोठ्या स्पीकरला जोडला होता. पडद्यावरच्या पियानोची एकेक पट्टी हिरवी व्हायची आणि हिरवी झाली की तिला बोट लावायचं, एवढंच काम होतं. गाणं कुठलं आहे हे वाजवणाऱ्याला माहीत असण्याचीही गरज नव्हती.

"हे मी वाजवते की हा मला वाजवतो?" बासरीबाई म्हणाली.

"वा! हे वाक्य फिल्ममध्ये घेऊ," अधिकारी म्हणाले.

धून अर्ध्यावर आली आणि सगळ्या पट्ट्या गडप झाल्या. त्यांच्या जागी दोन सुंदर हात आले. लांबसडक दहा बोटं आणि त्यांची लालभडक नखं पडदाभर नाचू लागली, आणि स्पीकरमधून गोड आवाज घुमला, "तुमच्या बोटांना द्या नवी झळाळी!"

खुर्च्या मांडणारे थांबले. अधिकाऱ्यांनी घाईघाईनं बोटं मारून हातांना घालवायचा प्रयत्न केला, पण हात जाहिरात संपेपर्यंत गेले नाहीत.

"फुकटचं आहे ना, त्यामुळे मध्येमध्ये येतं," ते म्हणाले. "पैसे भरले की बंद होतं. मी मागणी पाठवलीय वर."

या गडबडीत त्यांचं बोट दुसऱ्याच चित्रावर पडलं होतं. पडद्यावर आता एक भलामोठा ढोल होता. बासरीबाईनं त्यावर बोट ठेवलं.

धप्.

आवाज स्पीकरमधून निघून जमिनीतून तळपायांत आला. खुर्च्या मांडणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या कामगारानं मान वर केली आणि नकळत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सुट्टी संपून मशीनं सुरू झाली, असं त्याला वाटलं.

बासरीबाईनं ते पाहिलं. तिनं आणखी एकदा बोट ठेवलं, जरा वेळानं.

"हे नको, हे नको," अधिकारी म्हणाले. "पियानोच बरा दिसतो."

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. अपघातानंतर पहिल्यांदाच ती कुणाला तरी हो म्हणत होती. अधिकाऱ्यांना फार बरं वाटलं.

*

वर्धापन दिनाला पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांच्या शेजारी मोठे साहेब, आणि मागं कामगार. प्रेस खात्यातल्या बायका एका रांगेत बसल्या होत्या, नणंद कडेला. मोठ्या साहेबांनी भाषणात कारखान्याला कुटुंब म्हटलं. मग कल्याण अधिकाऱ्यांनी माइकवर सांगितलं, की आता आपली एक भगिनी जिद्दीचं दर्शन घडवणार आहे. कॅमेरा सुरू झाला.

बासरीबाई टेबलामागं बसली. पडद्यावर पियानो तयार होता. तिनं तो सारला, ढोल काढला, आणि बोट टेकवलं.

धप्.

मग थांबली. पत्रा सारायला लागतो, दोन्ही हात परत बटणांवर न्यायला लागतात, तेवढाच वेळ.

धप्.

मागच्या रांगांत कुणीतरी खुदकन हसलं. "अरे, आपली प्रेस!" दबकी कुजबुज झाली. पाय हलू लागले. पाहुण्यांनीही माना डोलवायला सुरुवात केली. बासरीबाई शांतपणे वाजवत राहिली. धप्, आणि थांबणं. धप्, आणि थांबणं. एवढ्या वेळात हात बाहेर येतो. दर वेळी येतो.

मग तिनं मधलं थांबणं काढून टाकलं.

धप् धप् धप् धप्.

हसणं बंद झालं. ही चाल कुठली, हे कुणाला सांगावं लागलं नाही. डावं बटण पट्टीखाली, डावा हात ठोकळ्याखाली. प्रेस खात्याच्या रांगेत एकीनं मांडीवरचा डावा हात उचलून काखेत दाबला. तिच्या शेजारणीनं पदरात गुंडाळला. सुपरवायझर कडेला उभा होता. तो चपलेकडे बघू लागला. बासरीबाई मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती एकट्या नणंदेकडे बघत होती आणि आणखी भरभर वाजवत होती, जणू बोटानं काच फोडून काढायची होती. "बास, वहिनी," नणंदेचे ओठ हलले. आवाज स्टेजपर्यंत आला नाही. नणंद उभी राहिली.

बासरीबाईनं बोट वरच्यावर धरलं. पुढचा ठोका पडलाच नाही.

त्या शांततेत पडद्यावर चांदण्या उधळल्या, आणि स्पीकरमधून कानठळ्या बसतील असा आवाज आला, "शाब्बास!" पाठोपाठ टाळ्या. हजारो माणसांच्या, फोनच्या आतल्या.

त्या ऐकून पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. पाहुणे वाजवतात म्हणून मोठ्या साहेबांनी वाजवल्या. कामगारांपैकी कुणीच वाजवल्या नाहीत.

"अप्रतिम!" पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला. "काय ताल आहे!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बासरीबाईनं फोन अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. अधिकारी आज हसले नाहीत. "असं करायला नको होतं, ताई," एवढंच म्हणाले. ती लेबलांच्या खात्यात जाऊन बसली.

भोंगा झाला. भिंतीपलीकडे मशीनं सुरू झाली. तिनं कान दिला. सगळी रांग संथ चालत होती. धप्, आणि थांबणं. खिडकीजवळचं म्हातारंही आधी कण्हत होतं, मग खाली येत होतं, मग थांबत होतं. तिच्या शेजारी खोकी उचलणाऱ्या बाईनंही ते ऐकलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर भिंतीपलीकडे सुपरवायझरचा आवाज चढला. शब्द कळत नव्हते. मग चिकटपट्टी गुंडाळीवरून ओढल्याचा चर्र आवाज आला. थोड्या वेळानं दाराजवळच्या मशीनचा वेग वाढला. मग त्याच्या शेजारच्या मशीनचा. मग आणखी एकाचा. बासरीबाई हातातलं लेबल न बघताच खोक्यावर दाबून उभी राहिली. चर्र आवाज भिंतीच्या कडेकडेनं पुढं सरकत होता, खिडकीच्या दिशेनं. तिथं पुन्हा आरडाओरडा झाला. या वेळी दोन आवाज होते, आणि दुसरा बाईचा होता. आदल्या दिवशी ओठांतच राहिलेला तो आवाज आज भिंत ओलांडून आला.

मग सगळ्या धपधपाटाच्या खालून एक कण्हणं आलं.

धप्.

आणि थांबणं.

"अहो, लेबल तिरकं लागलंय," खात्याचा कारकून म्हणाला.

"लागू दे," बासरीबाई म्हणाली, आणि डाव्या हाताची उरलेली बोटं भिंतीवर टेकवून पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली.