आक्काबाईची फुंकर

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. अंगावरचं नाव पुसट झालंय, मुठीजवळचं रबर सुटत आलंय, गळ्यातला पट्टा दोनदा शिवून झालाय. पण नजर म्हणाल तर अजून शाबूत आहे. ती एकदा जाता जाता राहिली, आणि ज्यांच्यामुळं राहिली त्यांचे उपकार मानावेत म्हणून आज बोलतो आहे.

माझ्या तोंडाशी दिसतं ते भिंग. तुम्हाला तोच माझा डोळा वाटतो. खरा डोळा आत असतो, आरशाच्या मागं, उजेड अडवणाऱ्या पडद्याच्याही मागं. त्याला सेन्सर म्हणतात. टपालाच्या तिकिटाएवढी जागा, आणि तिच्यावर पातळशी काच. जग येऊन तिथं उमटतं, तेही उलटं: आभाळ खाली, पाय वर. ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत झाकलेली असत, कारण त्या काचेवर एक कणही बसायला नको. धुळीचं आणि माझं वैर असं जन्माआधीच ठरलं. आणि मग नशिबानं मला धाडलं कुठं, तर नगर जिल्ह्यात!

माझे पहिले मालक नगरच्या सावेडीतले हेमचंद्र सर. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. काच कशी धरावी, कशी पुसावी, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मला पक्षी दाखवले, किल्ल्याचे बुरूज दाखवले, पहाटेचं धुकं दाखवलं. पुढं त्यांचे गुडघे दुखू लागले, हातात मोबाईल आला आणि मी कपाटात गेलो. राग नव्हता, मित्रांनो. शेजारी शाली होत्या, डांबराच्या गोळ्यांचा वास होता. पण तीन वर्षं नुसता अंधार पाहिला की कॅमेऱ्यालाही आपण आंधळे झालो असं वाटू लागतं.

त्या अंधारातून मला सवितानं काढलं. ती कर्जतकडच्या एका खेड्यातली सून. सर एका शिबिरात फोटो काढायला शिकवत होते, तिथं ती दोन एसट्या बदलून यायची आणि दुसऱ्याकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं शिकायची. शेवटच्या दिवशी सरांनी मला तिच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाले, "कपाटात ठेवून मी याला म्हातारा करतोय. तू याला कामाला लाव."

सवितानं मला घरी नेऊन उशीवर बसवलं. तिच्या सासूबाई, आक्काबाई, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "आगं बाय, ह्यो बी जावईच म्हनायचा की! आला न्हाई तोवर गादीवर बसला."

"आत्या, हा जावई कमावून आणंल," सविता म्हणाली.

"मंग कसला जावई!" म्हणत आक्काबाई हसत चुलीकडं गेल्या.

आणि खरंच मी कामाला लागलो. बारशी, डोहाळजेवणं, लग्नं, शाळेचे ओळखपत्रांचे फोटो. लोक म्हणायचे, "सविताच्या फोटूत मानूस खरा दिसतो." असं कौतुक कानावर पडलं की माझ्या बटणाला नवी धार यायची.

आता आक्काबाईंची गोष्ट. त्या चौघी बहिणी, भाऊ एकही नाही. आईबाप गेल्यावर माहेर उरलं नाही, तर या बायकांनी स्वतःच एक रीत पाडली: दर वर्षी एकीच्या गावची जत्रा धरायची, आणि त्या तीन दिवसांपुरतं तेच घर सगळ्यांचं माहेर. गावाच्या नावानंच त्या एकमेकींना हाक मारत: मिरजगावची, जामखेडची. थोरल्या मुक्ताबाई मात्र पार अकोले तालुक्यातल्या डोंगरात दिलेल्या. गुडघ्यांमुळं सहा वर्षं त्या कुठल्याच जत्रेला आल्या नव्हत्या. यंदा पाळी आक्काबाईंच्या गावची होती, आणि मुक्ताबाईंचा निरोप आला: येते, दुसऱ्या दिवशी सांजच्याला पोचते, पण ही शेवटचीच खेप समजा.

तेव्हापासून आक्काबाईंनी एकच धोशा लावला. "सविता, चौघींचा मिळून फोटू न्हाई गं एक बी. कुनाच्या लग्नात तिघी हुतो, कुनाच्या तेराव्याला दोघी. चौघी कंदीच न्हाई." आणि भाकरी थापता थापता त्या गुणगुणायच्या:

"आमी चौघी बहिनी, बाई, चार दिशांच्या चार वाटा,
एकीच्या पायात मोडतो, दुसरीला सलतो काटा."

जत्रेच्या पहिल्या दिवशी बिरोबाची पालखी निघाली. ढोल घुमले, आणि माणसांनी मुठी भरभरून भंडारा उधळला. हळदीनं आभाळ पिवळं झालं. सविताला पालखी जवळून हवी होती, म्हणून तिनं त्या गर्दीतच माझं भिंग काढून दुसरं लावलं. चार श्वास लागतात भिंग बदलायला. तेवढ्यात देवाचा भंडारा माझ्या पोटात शिरला.

मांडवात, तिन्हीसांजेला कणाचा त्रास दिसत नाही. उजेड कमी असला की भिंगाचं बुबुळ, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, मोठं उघडतात, आणि मग काचेवरचा कण फोटोत विरघळून जातो. पण लख्ख उन्हात बुबुळ बारीक करावं लागतं, आणि मग तोच कण काळा ठिपका होऊन प्रत्येक फोटोत त्याच जागी उभा राहतो. सवितानं संध्याकाळी फोटो पाहिले. पालखीवरच्या आभाळात सात ठिपके. आणि चौघींचा फोटो तर परवा सकाळी, भर उन्हात, अंगणातच निघायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझं भिंग काढलं, आरसा वर उचलून धरणारी सोय सुरू केली आणि विजेरीच्या उजेडात आत डोकावली. तेवढ्यात बाहेरून हाक आली, जामखेडची उतरली होती. सविता तशीच धावली. मी उघडाच राहिलो, पापणी नसल्यासारखा.

आक्काबाई आत आल्या. विजेरीच्या उजेडात त्यांना माझ्या डोळ्यातला पिवळा कण दिसला. घरातल्या किती लेकरांच्या डोळ्यांतला कचरा त्यांनी काढला होता! तीच माया त्यांना आठवली. "आगं बया, डोळ्यात गेलं व्हय लेकरा," म्हणत त्यांनी मला मांडीवर घेतलं, गाल फुगवून फुंकर घातली, मग पदराचं टोक वळलं, तोंडाच्या वाफेनं ऊन केलं आणि हळूच माझ्या काचेवर टेकवलं.

खोटं कशाला बोलू? इतकं मऊ मला आयुष्यात कुणी शिवलं नव्हतं. पण त्या फुंकरीत थुंकीचे बारीक थेंब होते, आणि त्या पदराला सकाळच्या वेणीफणीचं खोबरेल लागलेलं होतं. कोरडा भंडारा आता तेलात कालवला गेला.

सवितानं परत येऊन आभाळाचा एक फोटो घेतला. ठिपक्यांच्या जागी आता भला मोठा ढगळ डाग होता.

"आत्या... तुम्ही हात लावला का?"

आक्काबाईंच्या हातातला पदर गळाला. "म्या फकस्त कचरा काढला गं. आंधळा झाला का ह्यो?"

सवितानं मान फिरवून मला बंद केलं. ते मान फिरवणंच आक्काबाईंना लागलं. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. जामखेडची म्हणाली, "उठ की गं, च्या तरी घे." त्या म्हणाल्या, "माज्याच हातानं माजा फोटू घालवला म्या. च्या काय घेऊ?"

सवितानं मला रुमालात गुंडाळलं आणि नगरची एसटी धरली.

हेमचंद्र सरांनी मला खिडकीशी नेऊन निरखलं. "हे कुणी केलं?"

"वाऱ्यानं," सविता म्हणाली.

सरांनी चिमट्यानं माझ्या तोंडाच्या कडेचा एक धागा उचलला. "वारा हिरवं लुगडं कधीपासून नेसायला लागला?"

सविता हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिनं सगळं सांगितलं. सर ऐकून म्हणाले, "त्यांना रागावू नकोस. काचेचा डोळा वेगळा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुला मी सांगितलं होतं, तरी तू भंडाऱ्यात भिंग बदललंस. चूक कुणाची?"

"माझी, सर."

"मग साफही तूच करायचं. जत्रांच्या मुलखात राहतेस, दर खेपेला सावेडीला धावणार आहेस का? आधी पंखा बंद कर."

आतून सरांच्या पत्नी, प्रेमलाकाकू, ओरडल्या, "चैत्रातल्या दुपारी पंखा बंद? कॅमेरा धुताय की आम्हाला उकडताय?"

"थोडा वेळ उकडून घे, प्रेमला, रोज मला उकडतेसच की!"

टेबल ओल्या फडक्यानं पुसलं गेलं. माझी बॅटरी काठोकाठ भरली, कारण मधेच ती संपली तर वर उचललेला आरसा आणि पडदा फटकन खाली येतात आणि आत घातलेल्या सफाईच्या काडीसकट माझंही वाटोळं होतं. मग सवितानं मला पालथा धरला आणि खालून रबरी फुग्यानं कोरडी हवा मारली, टोक आत न घालता. सुटा भंडारा खाली पडला. तेलकट डाग तसाच.

सरांनी एक चपटी काडी काढली. तिच्या टोकाचं मऊ कापड नेमकं माझ्या काचेच्या रुंदीचं. त्यावर सेन्सरसाठीच्या खास पाण्याचे दोनच थेंब. "चष्म्याचं पाणी नाही, सॅनिटायझर नाही, कापूस नाही," ते म्हणाले. "आणि ऐक. घासायचं नाही. अंगणात रांगोळीची सरळ रेघ ओढतेस ना, मधे हात न थांबवता? तशी एक रेघ. मग काडी उलटी करून परतीची एक रेघ. मग ती काडी फेकून द्यायची. मोह धरायचा नाही."

"आणि चरा पडला तर?"

"पडला तर उद्याचा फोटो गेला. पण तुझी रांगोळी मी पाहिली आहे."

सवितानं श्वास धरला. काडी माझ्या एका कडेला टेकली आणि गार, हलकी, न थांबता पलीकडं गेली. मग परत आली. पांढऱ्या कागदाचा फोटो घेतला: डाग अर्धा उरला होता. दुसरी काडी, दुसऱ्या दोन रेघा. आता कागद कागदासारखा दिसला. अगदी कोपऱ्यात एक कण तेवढा होता. सविता तिसरी काडी घेऊ लागली तसा सरांनी तिचा हात धरला. "पुरे. एका कणापायी काच झिजवायची नाही."

ती घरी पोचली तेव्हा मुक्ताबाई आलेल्या होत्या. वाळक्या, वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. आक्काबाईंना कुशीत घेऊन बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन पडलं. तिघी नटून उभ्या राहिल्या. आक्काबाई ओट्यावरच.

"मी न्हाई येत. माजी अवदसा पुन्यांदा त्याला नको."

मुक्ताबाई कडाडल्या, "सा वर्सांनी मी डोंगर उतरून आले ती तिघींचा फोटू काढाया? उठ, न्हाईतर हितनंच माघारी फिरते!"

सवितानं मला आभाळाकडं धरून एक फोटो घेतला आणि माझ्या पाठीवरचा फोटो दाखवणारा पडदा आक्काबाईंच्या डोळ्यांसमोर नेला. निळं, नितळ आभाळ. आक्काबाईंनी कितीतरी वेळ पाहिलं. मग पदर नीट केला आणि उतरून बहिणींत जाऊन उभ्या राहिल्या. मिरजगावची म्हणाली, "सरक की, मी झाकले." जामखेडची म्हणाली, "तू कशानं झाकतीस, भिंतीएवढी हायस!" चौघी हसल्या. मी तेवढ्यात डोळा उघडला आणि मिटला.

आक्काबाई पुढं झाल्या, माझ्या पाठीवरच्या पडद्यावर वाकल्या, आणि त्यांचा चेहराच उतरला. "सविता! मुक्ताच्या हनवटीवर डाग! ऱ्हायलाच की गं त्यो!"

सविता पडद्यावर वाकली. तिनं फोटो मोठा केला. मुक्ताबाईंची हनुवटी पडदाभर झाली. सुरकुत्यांच्या मधोमध एक हिरवट ठिपका होता. तिनं फोटो बाजूला सरकवला. मिरजगावचीच्या हनुवटीवर तसाच ठिपका. जामखेडचीच्या. आणि आक्काबाईंच्याही.

"आगं येडे, गोंदन हाय ते!" मुक्ताबाई म्हणाल्या. "गोंदनारीन आल्ती, आईनं चौघींना एका रांगंत बसवलं. तू धाकटी, तू लई भोकाड पसरलंस. तुजे हात म्या धरले हुते."

आक्काबाईंचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला. "आईनं दिल्यालं येवडंच ऱ्हायलं का गं आपल्यापाशी?"

"मंग? चौघींच्या तोंडावर हाय की. अजून काय पायजे?"

मित्रांनो, फोटोतले डाग संगणकावर एका बोटानं पुसता येतात, हे सविताला ठाऊक आहे. पण माझ्या काचेवर भंडाऱ्याचे ठिपके तसेच असते, तर कुठला ठिपका धुळीचा आणि कुठला आईचा, हे कुणी ओळखलं असतं? पुसणाऱ्या बोटानं सगळेच पुसले असते.

म्हणून माझं एवढंच मागणं. आमचा डोळा उघडा दिसला तर मायेनंही फुंकर घालू नका, पदर लावू नका. वारा, धूळ, भंडारा असेल तिथं भिंग बदलू नका. साफ करायचं तर जाणत्याकडून शिका, आणि पुरे म्हटलं की थांबा. आणि तरीही कुणी आजी चुकून फुंकर घालून बसली, तर तिच्यावर ओरडू नका. तिला आधी फोटोत उभी करा.