हळदीनं अडलेला काटा

मी एक जुना डायल गेज आहे. मित्रांनो, साइटवर मला सगळे घड्याळ म्हणतात, पण मी सांगतो ती वेळ नव्हे. भाराखाली जमीन किती दबली, ते मी सांगतो.

कडेगावजवळ काळ्या रानात शाळा उभी राहायची होती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तिच्यात खोल भोकं पाडून खडी ठासली होती. आता त्या भरणीची परीक्षा होती. वर लोखंडी प्लेट, प्लेटवर वाळूच्या गोण्या आणि बाजूच्या आडव्या दांडीला बांधलेला, प्लेटला पाय टेकून मी. प्लेट दबली की माझा पाय तिच्या मागोमाग उतरायचा आणि काटा फिरायचा.

मुकादम नानासोंचा माझ्यावर भारी जीव. काम संपलं की ते मला स्वतःच्या टॉवेलात गुंडाळायचे. खंडेनवमीला त्यांनी हत्यारं पुजली. घमेल्याला हळदीचं एक बोट लावलं, मला मात्र मूठभर हळद आणि वर गोडं तेल! ते सगळं माझ्या पायाच्या नळीत जाऊन चिकटून बसलं.

दसरा झाल्यावर परीक्षा लागली. गोण्या चढत गेल्या, पण माझा काटा जागचा हलेना. नानासो हरखले.

"बगा मॅडम, काटा हाललाबी न्हाई! जमीन न्हाई, फत्तर हाय! करा सही."

मी आतल्या आत तडफडत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मी खोटं बोलत होतो.

अंकिता मॅडम माधवनगरच्या इंजिनिअर. त्यांच्या सहीशिवाय पाया भरला जात नसे. त्या हसल्या. "नानासो, जमीन इतकी शहाणी कुठं असते?" त्यांनी वाकून माझ्या पायाखाली कागद सरकवला. तो सरळ पलीकडून बाहेर आला. प्लेट दबली होती, मी वरच लटकत होतो.

नानासोंचा चेहरा उतरला. "माजी क्रांती ह्याच शाळंत बसणार हाय वं..." नातीचं नाव घेत त्यांनी टॉवेल काढला आणि माझा पाय पुसायला घेतला.

मॅडमनी मला रॉकेलनं धुतलं. गोण्या उतरवून पुन्हा चढवल्या. काटा भराभर फिरला आणि हद्द ओलांडून गेला. भरणी उकरली, तर खडी आत पोकळच निघाली. ती नव्याने ठासली, तेव्हा कुठे सही झाली.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा. पण आमचं तोंड बंद होईल, एवढी नको.