हळदीच्या बाजोटाचे दोन रंग

मित्रांनो, सरळ बसा आणि मधे बोलू नका. मी लोणखेड्याच्या रतिलालभाईंच्या घरचा जुना सागवानी बाजोट बोलतो आहे. बाजोट म्हणजे चार पायांचे बुटके, रुंद आसन. या घरातील प्रत्येक मुलीची हळद माझ्यावरच लागली. माझ्यावर धान्याचे पोते ठेवण्याची हिंमत आजवर कोणी केलेली नाही.

खांडबाऱ्याच्या एका सुताराने मला खिळा न मारता घडवले. हळदीच्या दिवशी माझा मोठा मान असे. दुसऱ्या दिवशी मात्र मला माळ्यावर चढवीत. मला तेथे राहणे पसंत आहे का, हे कोणी विचारले नाही.

यंदा रतिलालभाईंच्या लेकीचे, रूपालीचे लग्न ठरले. तिच्या आईने, म्हणजे गजराबाईंनी, मला खाली काढले. मी निस्तेज दिसत होतो. त्यांनी शहाद्याच्या नासिर मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी मला वरवर घासून जवसाचे तेल लावले.

सकाळी पाहतो तर माझ्या कडा गडद तपकिरी झालेल्या आणि मध्यभाग पिवळा, डागाळलेला, चिकट! एकाच अंगाचे दोन रंग कसे झाले? मी चक्रावून गेलो.

"नासिरभाई, तुन्हा हात म्हातारा व्हई गया!" गजराबाई कडाडल्या.

"हात म्हातारा शे भाभी, पन बाजोट तरी कोठे तरना शे?" मिस्त्री डोके खाजवीत म्हणाले. "तेल तेच, लाकूड तेच. मंग रंग दोन कसा?"

गजराबाईंना वाटले, मध्यभाग अजून तहानलेला आहे. टाळूवर थापावे तसे त्यांनी तेथे आणखी तेल थापले. मी अधिकच चिकट झालो.

"माय, सोडी दे," रूपालीचा भाऊ नवनीत म्हणाला. "मंडपवाला लाल गादीनी खुर्ची देस."

खुर्ची! माझ्या जागी!

"मी खुर्चीवर बठनार नही," रूपाली म्हणाली. "आत्या जठे बठनी, तठेच मी बठसू." ती खाली वाकली आणि पिवळ्या डागाभोवती बोट फिरवू लागली. "माय, देख ना. मांडी घालीसन कोनी बठेल शे, तसा डाग शे हाऊ."

मिस्त्रींनी वाकून तो डाग हुंगला. मग ते मोठ्याने हसले. "हाई तर हळदनं तेल! इतल्या पोरींना आंगवरनं गळेल. याना पोट भरेल शे, आनि आपुन आजून तेल वाढी ऱ्हायनूत!"

त्यांनी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने मला पुसले. फडके पिवळे व्हायचे थांबेपर्यंत पुसले. नंतर केवळ डाग नव्हे, तर मला सबंध, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सारखे घासले. तेलाचा पातळ हात दिला. थोड्या वेळाने उरलेले तेल कोरड्या कापडाने टिपून घेतले. पूर्ण वाळू दिले आणि मगच दुसरा हात दिला.

मी एकरंगी झालो. याचा आनंद मानावा, की त्या मुलींची खूण पुसली म्हणून रुसावे, हे मला आजही उमगलेले नाही.

हळदीला रूपाली माझ्यावर बसली. तिच्या कोपरांवरून पिवळे तेल गळू लागले. आंघोळीला उठताना तिने आईच्या खांद्यावरचे फडके ओढून घेतले आणि ती मला पुसू लागली.

"ओ नवरी, आज तरी काम सोड!" बायका हसल्या.

"मन्हामांगे दामिनी शे," आपल्या धाकट्या बहिणीकडे पाहत ती म्हणाली. "तिले बी बठनं शे."

प्रथम मला तो अपमान वाटला. हळद कधी कोणी पुसते का? पण ते पिवळे हात माझे कोपरे शोधून शोधून कोरडे करीत होते. इतक्या मुली माझ्यावरून उठून गेल्या. मागे वळून पाहणारी ही पहिलीच.

म्हणून, मित्रांनो, ज्या आसनावर बसाल, तेथून उठताना एकदा मागे वळा. काही सांडले असेल, तर ते ओले असतानाच पुसा.