विजेचा हंडा आणि शेजारचं विरजण

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर तुम्ही मला डेअरीतला दुधाचा कॅन समजाल. पोलादी अंग, दोन बाजूंना कड्या, वर काचेचं झाकण. जवळ आलात की पायाशी एक छोटा पडदा दिसेल. त्यावर आकडे उजळतात. तळाखाली पंप आहे, आणि एका लवचिक वायरच्या टोकाला तापमान मोजणारी बोटभर कांडी आहे. मी बिअर बनवायचा विजेचा हंडा आहे. आता जुना झालो. तळाला काळे डाग पडले आहेत आणि माझी एक कडी मूळची नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यात पत्रा वाकवला, सांधला, घासून चकचकीत केला आणि तळाखाली विजेने तापणारी तार बसवली. पूर्वी बिअरसाठी एक भांडं पाणी तापवायला, दुसरं धान्य भिजवायला, तिसरं उकळायला लागायचं. ही तिन्ही कामं मी एकटा करतो. माझ्या पोटात जाळीचं एक पिंप बसतं. त्यात मोड आणून वाळवलेला आणि भरडलेला सातू घालतात. पंप खालचं गरम पाणी उचलून वरून सातूवर सोडत राहतो. सातूतला पिष्टमय भाग विरघळून त्याची साखर होते. मग जाळी वर उचलायची, गोड पाणी खाली निथळू द्यायचं, ते उकळायचं, थंड करायचं आणि त्यात विरजण घालायचं. विरजण म्हणजे यीस्ट. साखर खाऊन बिअर बनवण्याचं खरं काम त्याचं असतं. मी फक्त भांडं आहे. हे मी नम्रतेने म्हणत नाही, वस्तुस्थितीच तशी आहे.

मला नॉर्वेतल्या व्हॉस भागात एका शेतघरी आणलं ते गुडवाइगने. ती बर्गन शहरात शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तिचे वडील तोरगाइर मेंढ्या पाळतात आणि दर नाताळला घरची बिअर करतात. त्यांच्या अंगणापलीकडे चुलीची वेगळी खोली आहे. तिथे तांब्याचा एक मोठा हंडा साखळीने टांगलेला होता. त्याखाली बर्चच्या लाकडाचा जाळ करून घराण्यातल्या कोणी ना कोणी आजवर बिअर केली होती. मला त्या हंड्याशेजारी ठेवलं तेव्हा तोरगाइर माझ्याभोवती एकदा फिरले.

"हे काय आणलंस? कपडे धुवायचं यंत्र?"

"बाबा, नीट बघ तरी. लाकडं फोडायला नकोत, जाळ सांभाळायला नको."

"मग मी करायचं काय? खुर्चीत बसून त्याला गाणी म्हणायची?"

गुडवाइग परत गेली आणि मी तसाच पडून राहिलो. माझ्या झाकणावर ओले हातमोजे वाळत पडायचे. दर हिवाळ्यात मी बटाट्यांचं पोतं पोटात सांभाळलं. वस्तूला याचं दुःख होतं का, असं तुम्ही विचाराल. मला एवढंच सांगता येईल की पोलादाला बटाट्याची माती लागली तर काही होत नाही. पण पंपात गेली तर होतं.

पुढे तोरगाइरचा उजवा खांदा गेला. कुऱ्हाड उचलेना. पाण्याच्या बादल्या उचलेनात. लागोपाठ दोन नाताळ त्या घरात घरची बिअर झाली नाही. गावात कोणी काही बोललं नाही, पण दुकानातून आणलेल्या डबाबंद बिअरचा खोका तोरगाइर गाडीतून उतरवताना पोत्याखाली झाकून घरात नेत. त्यांची बायको ब्रिता एकदा म्हणाली, "झाकतोस कशाला? त्या खोक्यात काय चोरीचं कोकरू आहे?"

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात ब्रितानेच माझ्या पोटातले बटाटे काढले, मला धुतलं आणि मुलीला फोन केला. गुडवाइग शनिवारी आली. तिने तुळईला एक कप्पी बांधली, म्हणजे जाळी उचलायला खांद्याचा जोर लागणार नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा काम केलं. चुलीच्या खोलीतला जुना फ्यूज सुरुवातीलाच उडाला, तेव्हा स्वयंपाकघरातून जाड वायर ओढून आणावी लागली. तोरगाइरनी रिवाजाप्रमाणे जुनिपर या काटेरी झुडपाच्या फांद्या घालून पाणी उकळलं. त्या पाण्याला डोंगराचा वास येतो. फांद्यांचे काटे माझ्या पंपात अडकले आणि मी घरघरून थांबलो.

"घसा बसला तुझ्या यंत्राचा," तोरगाइर म्हणाले.

"तू त्याला झाड गिळायला लावलंस, बाबा."

पंप उघडून साफ केला, पुढच्या फांद्या वेगळ्या पातेल्यात उकळल्या, आणि मग सगळं सुरळीत झालं. पडद्यावर तापमान स्थिर उभं राहिलेलं पाहून तोरगाइर जवळ येऊन वाकले. नंतर हळूच म्हणाले, "जाळावर हे जमवायला मला कपाळाचा घाम पुसत उभं राहावं लागायचं." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. शेजारची मुलं पेले घेऊन आली. विरजण घालण्याआधीचं सातूचं पाणी नुसतं गोड असतं. ते मुलांच्या वाट्याचं, बाकीचं मोठ्यांचं.

संध्याकाळी तोरगाइरनी कपाटातून पत्र्याची डबी आणली. तिच्यात विरजण होतं: बिअरच्या तळाशी साठलेला साका कागदावर पसरून वाळवलेला, करड्या पापुद्र्यांसारखा. हे विरजण दुकानातलं नव्हतं. ते त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून या घरात होतं. एका बिअरमधून काढायचं, वाळवायचं, पुढच्या बिअरला लावायचं. तुमच्या घरी कालच्या दह्याने आजचं दही लागतं, तसंच. दरीत आता दोन-तीन घरांतच असं स्वतःचं विरजण उरलं होतं. जवळजवळ तीन वर्षं पडून राहिल्यामुळे ते अशक्त झालं असेल, म्हणून तोरगाइरनी हात आखडता न घेता सगळी डबी रिकामी केली.

"थोडं मागे ठेव," ब्रिता म्हणाली.

"उद्या परवा यातूनच नवं निघेल की. भुकेल्याला अर्धं जेवण वाढायचं का?"

हे विरजण अंगाला बरं वाटेल अशा ऊन पाण्यात घालायचं असतं. इतर ठिकाणची विरजणं तेवढ्या उबेत बिघडतात, हे मात्र तिथेच खुलतं. विरजण घालताना जोरात आरोळी ठोकायची, असाही इथला रिवाज आहे. जितकी मोठी आरोळी तितकी जोरदार बिअर. तोरगाइर असे ओरडले की गोठ्यातल्या मेंढ्यांनी उत्तर दिलं.

मग ते पाणी थंड पडू नये म्हणून गुडवाइग म्हणाली, "वेगळ्या पिंपात ओतूच नको. यातच राहू दे. मी मंद ऊब लावून ठेवते, तापमान हा हंडा स्वतः सांभाळेल." तिने बटणं दाबली आणि ती जेवायला घरात गेली.

तोरगाइर मागे राहिले. विरजण घातलेलं पिंप गोधडीत गुंडाळायचं आणि काम होईपर्यंत कोणी उघडायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम होता. बाळ झोपलं की दार लोटून घ्यावं, तसा. त्यांनी लोकरीच्या गोधड्या आणल्या. पण झाकणाच्या काठावरून माझ्या कांडीची वायर आत जात होती, त्यामुळे झाकण घट्ट बसत नव्हतं. त्यांनी कांडी बाहेर काढली, पुसली आणि जपून खिडकीच्या फळीवर ठेवली. झाकण दाबून बसवलं. दोन गोधड्या आणि वर मेंढीचं कातडं गुंडाळून दोरीने बांधलं. "झोप आता," ते विरजणाला म्हणाले, आणि दिवा घालवून गेले.

मित्रांनो, मला जे कळतं ते फक्त त्या कांडीतून कळतं. कांडी बर्फाळ खिडकीत होती. ती सांगत होती, थंडी आहे. म्हणून मी तापवत राहिलो. गोधड्यांतून उष्णता बाहेर जाईना, आणि फळीवरची कांडी काही तापेना. मी मंद होतो, पण थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिता दार उघडून तिथेच थबकली. "तोरगाइर, पाव भाजल्यासारखा वास कसला?"

"उघडू नकोस! अजून वेळ आहे."

गुडवाइग ब्रिताच्या मागून आत आली आणि गुडघ्यांवर बसून माझ्या पडद्याकडे पाहू लागली. "बाबा, हा सहा अंश दाखवतोय. आत सहा असेल तर गोधडीतून वाफ कशी येते?" मग तिची नजर वायरवरून सरकत खिडकीपर्यंत गेली.

त्यांनी दोरी सोडली. माझ्या पोटातलं पाणी बोट बुडवता येणार नाही इतकं कढत होतं. फेस नव्हता. बुडबुडा नव्हता. तेवढ्या उष्णतेत यीस्टच्या पेशी जगत नाहीत. गुडवाइगला ते माहीत होतं, आणि तोरगाइरनासुद्धा. कोणालाच समजावून सांगायची गरज पडली नाही.

"मी सांगायला हवं होतं," गुडवाइग म्हणाली.

"मी विचारायला हवं होतं," तोरगाइर म्हणाले, आणि रिकामी डबी हातात घेऊन बाकावर बसले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बर्गनमध्ये याच जातीचं विरजण पाकिटात मिळतं. मी आणते."

"तुझी आई हरवली तर दुकानातून त्याच मापाची बाई आणशील का?"

"मला मध्ये घेऊ नका," ब्रिता म्हणाली. "मी काही हरवलेली नाही. आणि तुमचं विरजणही हरवलेलं नाही. ते रस्त्यापलीकडे ओडमुंडच्या घरी आहे."

ओडमुंड शेजारचे शेतकरी. त्यांचं विरजण एकदा बुरसलं होतं, तेव्हा तोरगाइरनीच त्यांना आपलं दिलं होतं. इथे विरजण विकत नाहीत. मागणाऱ्याला द्यायचं असतं. पण बिअर पिंपात भरली की शेजाऱ्यांनी न बोलावता चाखायला जायचं, हाही रिवाज आहे, आणि अशाच एका चाखणीला तोरगाइर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ओडमुंड, मोजे धुतलेलं पाणी चुकून यात ओतलंस का रे?" सगळे हसले. ओडमुंड हसले नाहीत. त्यानंतर दोघे ट्रॅक्टरवर समोरासमोर आले तर एक बोट उचलत, तेवढाच संबंध.

"त्याच्या दारात मी जाणार नाही," तोरगाइर म्हणाले.

"जाऊ नकोस," ब्रिता म्हणाली. "आजोबांना वर गेल्यावर सांग, विरजण संपलं, कारण मला रस्ता ओलांडायचा नव्हता."

ते दोन दिवस बसून राहिले. तिसऱ्या दिवशी चांगला स्वेटर घालून गेले. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर मला घासताना ब्रिताला सांगितलं, म्हणून मला माहीत. ओडमुंडनी त्यांना दारातच उभं ठेवलं. दोघे आधी बर्फाबद्दल बोलले, मग मेंढ्यांच्या खुरांबद्दल, मग पुन्हा बर्फाबद्दल.

शेवटी तोरगाइर म्हणाले, "तुझ्याकडे आमचं विरजण आहे ना?"

"तुमचं?" ओडमुंड म्हणाले.

तोरगाइर थोडा वेळ बुटांवरचा बर्फ झटकत राहिले. "तुझं," ते म्हणाले. "तुझं विरजण मागायला आलोय. आणि त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. बिअर चांगली होती."

"मला माहीत आहे चांगली होती," ओडमुंड म्हणाले. "आत ये, दार उघडं ठेवून घर गार करू नकोस."

त्या आठवड्याच्या शेवटी गुडवाइग परत आली आणि आम्ही पुन्हा सातू भिजवला. ओडमुंड काचेची बरणी कोटाच्या आत छातीशी धरून आले. माझ्याभोवती ते दोनदा फिरले.

"हाच का तो खुनी?"

"त्याला नको बोलूस," तोरगाइर म्हणाले. "त्याची कांडी मी खिडकीत ठेवली होती. तुझं नाक खिडकीबाहेर ठेवलं तर तूसुद्धा शेकोटी पेटवशील."

ओडमुंड हसले. मग पडद्यावरचे आकडे त्यांनी इतके प्रश्न विचारून समजून घेतले की गुडवाइग म्हणाली, "काका, माझ्या वर्गात येऊन बसा." या वेळी झाकणाच्या पत्र्याच्या कडेला वायरपुरती खाच पाडली. कांडी आत राहिली, गोधडीही राहिली. आरोळी दोघांनी मिळून ठोकली.

सकाळी गोधडीखालून सळसळ ऐकू येत होती. तुम्ही सोड्याच्या बाटलीला कान लावला आहे का? तसा, पण जाड आवाज. तोरगाइर मात्र पुन्हा तसंच झालं असेल या भीतीने दाराबाहेरच उभे राहिले. ब्रिताने त्यांना बाहीला धरून आत आणलं आणि ऐकवलं.

बिअर पिंपात भरली त्या संध्याकाळी शेजारी जमले. पहिला लाकडी पेला तोरगाइरच्या हाती आला. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. सगळे थांबले होते.

"आपलंच आहे," ते म्हणाले. मग पुन्हा एक घोट घेतला. "म्हणजे... संत्र्याच्या सालीचा वास जास्त येतोय. आमच्याकडे एवढा नव्हता."

"इतकी वर्षं माझ्या घरचं खातंय," ओडमुंड म्हणाले. "थोडं माझ्यावर जाणारच."

"मग राहू दे तसंच," तोरगाइर म्हणाले आणि पेला त्यांच्या हातात दिला.

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ बिअर केली. आता माझा पंप कुरकुरतो, आणि पुढच्या वर्षी कदाचित नवा हंडा येईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच सांगणं आहे की यंत्र घरात आणलंत तर त्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे आधी समजून घ्या. काम झालं की त्याला धुवा, पुसा, झाकण उघडं ठेवून वाळू द्या. आणि तुमच्या घरी जपण्यासारखं विरजण असेल तर ते एकाच डबीत कुलूप लावून ठेवू नका, चार घरी देऊन ठेवा. माझा पंप बिघडला तर बाजारात दुसरा मिळतो. तोरगाइरच्या घरचं विरजण मात्र जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि तेही त्यांनी ते देऊन टाकलं होतं म्हणून.