वीस मिनिटांचा अंधार

"एकच भोक, बाई. टाचणीएवढं. तुमचा हात हलका, म्हणून तुम्हालाच सांगतोय."

साहेब पडद्याकडे बघून बोलत होते, तिच्याकडे नाही. ती कात्री हातात धरून ऐकत राहिली.

प्रयोगशाळेत सगळे तिला अंधारबाई म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी काळे पडदे शिवायला म्हणून चार दिवसांसाठी आली आणि राहिलीच. यंत्रातून सुसाट सुटलेले आयन विरळ वायूवर आदळले की वायू उजळतो, पण इतका पुसट की त्याच्यापुढे काजवाही मशाल वाटावा. तो उजेड मोजायचा तर बाकी सगळा मिट्ट काळोख हवा. तो काळोख तिच्याकडे होता. प्रत्येक प्रयोगाआधी ती पडद्याआड वीस मिनिटं बसे. डोळे सरावले की कापडातली भोकं आपणहून चुगली करू लागत, आणि ती सुईदोऱ्यानं एकेकाचं तोंड बंद करी.

त्या उजेडात साहेबांना एक नवी लाल छटा सापडली होती. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग दुसऱ्या तीन प्रयोगशाळांनी शोधली, तर कुणालाच दिसेना. उद्या चौकशी समिती येणार होती.

"भोक नाहीच आहे, साहेब. मी तेव्हाच म्हटलं होतं, वायू सोडला की आत तांबूस दिसतं. तुम्ही नवा दाबमापक बसवलात ना, त्याची तार तापते."

"तुम्ही पडदे बघा हो. बाकीचं आम्ही बघतो."

"पडदेच बघत होते. म्हणून तर दिसलं."

मापक वायूबरोबर चालू होई आणि वायूबरोबरच बंद. रिकामं यंत्र तपासताना तो बंदच, म्हणून त्याचा उजेड साहेबांच्या हाती लागलाच नाही. आता चूक मापकाची म्हटली तर ती तो बसवणाऱ्या साहेबांची. पडद्याची म्हटली तर शिवणारीची.

"यंत्र बंद झालं तर सगळेच घरी बसाल," साहेब म्हणाले.

"बसू. पण माझ्या हातून भोक नाही पडायचं."

सकाळी आली तर पडद्याला भोक. टाचणीएवढं कुठलं, चांगलं शर्टाच्या गुंडीएवढं. कडा पात्यानं कापलेल्या. दहा वर्षं तिच्या डब्यातलं खाल्लेला पंपवाला, पुसलेलाच पंप पुन्हा पुसत होता.

"भाऊ, तुम्ही?"

"वहिनी, पोरगी आत्ताच इथं चिकटलीय कामाला. साहेब म्हणाले..."

"निदान गोल तरी कापायचं," ती म्हणाली.

समितीत तिघे होते. त्यातल्या एकानं भोकातून बोट घालून पलीकडून हलवून दाखवलं. बाकीचे हसले.

"पडदा कुणाचा?"

"माझा. भोक माझं नाही. तो लाल उजेड आतलाच आहे. वीस मिनिटं अंधारात बसा माझ्याबरोबर, दाखवते."

"वीस मिनिटं? बाई, खाली गाडी उभीय आमची."

"वय झालंय त्यांचं," साहेब मायेनं म्हणाले. "इतक्या वर्षांची माणसं, काही बोलवत नाही हो."

'पडद्याच्या देखभालीत हलगर्जी' असं लिहून समिती गेली. नवं कापड येणार होतं. तिला पुढच्या महिन्यापासून गोदामात जायचं होतं.

दुपारी तिनं भोकाला ठिगळ घातलं. बारीक टाके, दोन्ही बाजूंनी.

"कशाला वहिनी? नवा येतोय ना?"

"प्रयोग तर आजचा आहे."

मग ती नेहमीसारखी पडद्याआड जाऊन बसली. पाच मिनिटं, दहा, वीस. कापड सगळीकडे सारखं काळं होतं. ठिगळ कुठं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाहेर पंपवाल्यानं वायूची चावी फिरवली. बारीक खट्ट झालं, आणि जाड काचेआड मापकाची केसाएवढी तार हळूहळू तांबूस झाली.

"बाई, झाला का अंधार?" साहेबांनी बाहेरून विचारलं.

तिनं एकदा त्या तारेकडे बघितलं.

"माझ्या बाजूनं झाला," ती म्हणाली. बाहेर आली, आणि मागे पडदा नीट सोडून त्याच्या चुण्या हातानं सारख्या केल्या.