तयार माणसं

शिनिया ओबांदो आमच्या तुरियाल्बाच्या तंत्रविद्यालयात पहिल्यांदा आली, तेव्हा ती एका औषध कंपनीची भरतीप्रमुख होती. कार्तागोजवळ कंपनीचा नवा कारखाना उभा राहत होता. तिथे पेशी वाढवून त्यांतून औषध काढायचं होतं. हे काम येणारी माणसं देशात मोजकीच. शिनिया मला म्हणाली, "बाई, अशी माणसं आयती मिळत नाहीत, घडवावी लागतात. तुम्ही अभ्यासक्रम सुरू करा. नोकऱ्या आम्ही देऊ."

मी जीवशास्त्र शिकवते. मी कामाला लागले. ऊस तोडणाऱ्यांच्या, चीज करणाऱ्यांच्या घरातल्या पोरी वर्गात आल्या आणि तीन वर्षं राबल्या. योर्लेनीनं तर सान होसेतली चांगली नोकरी याच भरवशावर नाकारली. शिनिया दर सत्राला यायची, एकेकीला नावानं हाक मारायची.

कारखाना सुरू व्हायच्या तोंडावर एल्मर किरोस नावाचा नवा संचालक आला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते शिनियानंच मला सांगितलं.

"नवख्यांना शिकवत बसायला आपण शाळा काढलीय का?" तो म्हणाला. "शेजारी सरकारी पशुलस प्रयोगशाळा आहे, जनावरांच्या लसीसाठी तिथेही पेशीच वाढवतात. तिथली तयार माणसं उचला. जास्त पगार दिसला की धावत येतील."

"आणि तुरियाल्बाच्या मुली?"

"अर्ज जपून ठेवलाय म्हणून कळवा."

"साहेब, त्यांनी अर्ज केलाच नव्हता. आपण त्यांच्या दारात गेलो होतो."

"तुम्ही गेला होतात. मी नाही."

काय माणूस! कंपनीचं नाव तेच, इमारत तीच, फक्त खुर्चीतला बदलला, की दिलेला शब्द हवेत?

शिनियानं मुलींना नुसतं कळवलं नाही. ती स्वतः आली आणि वर्गासमोर उभी राहून तिनं सगळं सांगितलं. योर्लेनी उठली.

"म्हणजे तीन वर्षं आम्हाला झुलवलंत, मॅडम?"

"माझ्या मनात तसं नव्हतं गं. पण झालं तेच. मला माफ करा."

"माफी घेऊन आईला काय सांगू? तिच्या हातावर काय ठेवू?"

माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

तिकडे पशुलस प्रयोगशाळेतली निम्मी माणसं एल्मरनं पळवली. लस बनणं थांबलं. आमच्याकडच्या गाईंना लस मिळेना, तेव्हा गवळी जाऊन प्रयोगशाळेच्याच दारात ओरडले. कंपनीला कुणी एक शब्द विचारला नाही. वर्तमानपत्रात तर तिच्या 'उत्तम मनुष्यबळा'चं कौतुक छापून आलं!

शिनियानं राजीनामा दिला आणि ती मला घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख फ्लोरी ब्रेनेस यांच्याकडे गेली.

"आमच्याच कंपनीनं तुमचं घर फोडलं," ती म्हणाली. "या बाईंच्या मुली शिकून तयार आहेत. घ्या त्यांना."

फ्लोरीबाईंनी कॉफी पुढे सरकवली, पण चेहरा कडूच. "आमचा पगार तुटपुंजा. आणि हाताला वळण लागलं की यांनाही तीच कंपनी नेणार. आम्ही काय रोपवाटिका चालवतो?"

"नेणारच," मी म्हणाले, "पण तोवर गाईंना लस तर मिळेल."

त्यांनी सात जणींना घेतलं. योर्लेनी त्यांत होती. बाकीच्या पोरी कॉल सेंटरांत बसून परदेशी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊ लागल्या. पेशींचं शिक्षण गेलं वाया.

वर्षभरात एल्मरची 'तयार माणसं' दुसऱ्या, आणखी मोठ्या कंपनीनं उचलली. मग स्वारी आमच्या विद्यालयात. शिनिया आता आमच्याकडेच मुलींच्या नोकऱ्यांचं बघते. तिनं अट सांगितली: आधी नेमणुकीचा करार, पगार शिक्षण चालू असतानाच सुरू, मगच वर्ग.

"तुम्ही मला अटी घालताय?" तो हसला.

"तुमचा शब्द आम्ही वापरून पाहिलाय, साहेब."

तो तरातरा निघून गेला. पुढच्या आठवड्यात कळलं, की तो सान कार्लोसच्या विद्यालयात पोहोचलाय. मी तिथल्या शिक्षकांना फोन लावला. ते बिचारे हरखून कंपनीचं गुणगान करू लागले, "आमच्या पोरींचं सोनं होणार," म्हणाले. मी त्यांना मधे तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग आमच्या मुलींचं काय झालं ते सांगायला सुरुवात केली.